सात नंबरची चिठ्ठी

आई, उद्या अकरा वाजता माझी मुलाखत आहे आणि सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. चहा केला तो ओट्यावरच गार झाला. सर्टिफिकेटं तारखेप्रमाणे लावली, मग वाटलं नवं वर हवं, म्हणून सगळी उलटी लावली. चपला पुसून ठेवल्या आणि नंतर आठवलं की उद्या बूट घालायचेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बस की गं एका जागी, भिंगरी बांधलीया काय पायाला?" बसले आहे आता. स्वयंपाकघरात, खिडकीशी, दुपारचे तीन वाजलेत, आणि तू जाऊन चौदा वर्षं झाल्यावर तुला पत्र लिहिते आहे. इतक्या वर्षांत लिहिलं नाही ते आज का, हे लिहिता लिहिता तुलाही कळेल आणि मलाही.

साताऱ्यातली आमची कंपनी इथलं काम बंद करून गुजरातला चालली आहे. मशिनं जाणार, माणसं नाही. वीस-बावीस वर्षं ज्या लॅबमध्ये उभी राहिले तिच्या चाव्या पुढच्या महिन्यात द्यायच्या. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला नोकरी कोण देतो, असं मी सगळ्यांना म्हणत होते, आणि मनातून प्रत्येक फोनला धावत होते. मग एका कंपनीचा मेल आला. तुझ्याच मुलखातली आहे, सांगलीकडची. बेदाणा आणि हळद परदेशी पाठवतात. क्वालिटीची मुख्य हवी आहे. पहिली फेरी मोबाईलवरच झाली. त्यात शिक्षण, अनुभव, मशिनांची नावं विचारली, ते जमलं. उद्या समोर बसून तिघेजण बोलणार आहेत आणि मेलमध्ये लिहिलंय की प्रश्न बिहेवियरल असतील. तुझ्या जावयांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्या भरतीला असलं काही नव्हतं. पळायला लावायचे आणि छाती मोजायचे." त्यांचा तेवढाच उपयोग.

खरा उपयोग तुझ्या नातीचा. ती कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यांच्या कॉलेजात कंपन्या यायला लागल्यात, त्यामुळे पोरं रात्रंदिवस हेच घोकत असतात. दोन दिवसांसाठी आली आणि माझी मास्तरीण होऊन बसली. ती सांगते, मम्मी, हे लोक तू काय करशील ते विचारत नाहीत, तू काय केलंस ते विचारतात. चूक झाली तेव्हाचा प्रसंग सांगा. वरिष्ठांशी पटलं नाही तेव्हाचा सांगा. स्वतःहून पुढाकार घेतला तो सांगा. आणि प्रत्येक प्रसंगाचे चार तुकडे करायचे. काय परिस्थिती होती, तुझी जबाबदारी काय होती, तू काय केलंस, निकाल काय लागला. सगळं दोन मिनिटांत. तिनं एका कागदावर चार चौकोन काढून फ्रीजवर चिकटवलेत. दूध काढायला गेले तरी ते चौकोन बघतात माझ्याकडे.

काल तिनं विचारलं, "सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा." मी म्हटलं, माझं कुणाशी भांडण झालेलंच नाही, सगळ्यांशी चांगलं आहे. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मम्मी, असं म्हणालीस तर तिथंच गेलीस. त्यांना वाटतं ही लपवतेय." आणि मला हसू फुटलं, इतकं की तिला राग आला. कारण आई, हा प्रश्न मी तुझ्या तोंडून ऐकलाय. चौथीसुद्धा न शिकलेल्या तुझ्या तोंडून. तासगावच्या त्या बेदाण्याच्या शेडवर तू मुकादमीण होतीस, हंगामाला नव्या बाया काम मागायला यायच्या, आणि तू त्यांना हात दाखव म्हणायची नाहीस, आधी कुठं काम केलंस विचारायची नाहीस. एकच विचारायचीस. "घरात कुनाशी बोलत न्हाईस गं?" बाई गडबडायची. मग कुणी म्हणायची, सासूशी, दिवाळीपास्नं. कुणी म्हणायची, धाकट्या जावंशी, बरनी फोडली तिनं माझी. "बस टेबलावर," तू म्हणायचीस. आणि एखादी पदर सावरून म्हणायची की माझं सगळ्यांशी चांगलं हाय, तर तू म्हणायचीस, "मग बाई तू घरीच ऱ्हा. एवढं चांगलं सोडून हिकडं कशाला येतीस?" मला तेव्हा वाटायचं तू उगाच चेष्टा करतेस. तू मला नंतर सांगितलंस, जी घरचं खरं सांगते ती ट्रेमधली काडीपण दाखवते, लपवत नाही.

ती शेड मला आता या टेबलावर बसून दिसते. पत्र्याचं छत, फेब्रुवारीतच तापायला लागलेलं. लांबच लांब टेबल, त्यावर पांढऱ्या ट्यूबा, दोन्ही बाजूंना बाया, डोक्याला फडकी बांधलेल्या. पुढ्यात ट्रे, ट्रेमध्ये हिरवा बेदाणा पसरलेला, आणि त्यातून बोटं फिरतायत. काळा मणी बाजूला, तांबूस बाजूला, फुटका बाजूला, काडी टाकून दे, खडा दिसला तर मोठ्यानं सांग. बोटं दिवसभर चिकट. गांधीलमाश्या इतक्या की बाया बोलता बोलता त्यांना हातानं बाजूला करतात, जशा काही त्या घरातल्याच. मी सांगलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, परीक्षेआधीच्या सुट्टीत तुझ्याकडे यायची आणि बॉक्सवर लेबलं लिहायची. अक्षर चांगलं, म्हणून मालक माझं कौतुक करायचा. आणि मला ते कौतुक आवडायचं, तुझ्या कौतुकापेक्षा जास्त, कारण तू करायचीच नाहीस.

तुझ्या उजव्या हाताला नेहमी मावशी बसायची, नात्यातली नव्हे, सगळ्याच तिला मावशी म्हणायच्या. आटपाडीकडची, मेंढरांच्या घरातली, अंगानं वाळलेली, पाच-सहा हंगाम तुझ्याबरोबर होती. सगळ्या टेबलाचं बोलणं तिच्यावर चालायचं. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा बोकड कुणी चोरला, सगळं तिच्याकडे. आणि तिचा ट्रे भरला की तू बोलता बोलता तो स्वतःकडे ओढायचीस, एकदा सगळ्यावरून हात फिरवायचीस आणि बॉक्समध्ये ओतायचीस. मला वाटायचं ही सवय आहे तुझी. एके दिवशी मी पाहिलं, त्या एका फेरीत तुझ्या मुठीत सात-आठ काड्या आल्या आणि तू त्या न बघता पायाशी टाकल्यास. मावशीला दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पडदे आले होते आणि ती बेदाणा नुसत्या बोटांनी निवडत होती. टेबलावरच्या निम्म्या बायांना हे माहीत असणार. कुणी कधी एक शब्द बोललं नाही.

मग मामाच्या पोरीचं लग्न निघालं, विट्याला, आणि तू तीन दिवस गेलीस. जाताना माझ्या हातात टेबल दिलंस. वीस बायांचं. मी फुगले होते. दारात चप्पल घालता घालता तू दोन-चार गोष्टी सांगितल्यास. चहाला कुणी उशीर केला तर ओरडू नको. ओल्या हातानं ट्रे धरू देऊ नको. आणि मग आवाज खाली करून म्हणालीस, "मावशीच्या ट्रेवर एकदा हात फिरवत जा. कुनाला कळू न देता." मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी सकाळी दोन ट्रे फिरवले. मग कंटाळा आला. हात चिकट व्हायचे आणि मला मांडीवर वही उघडून वाचायचं होतं, परीक्षा तोंडावर होती. शिवाय मनात असंही आलं की तिला सगळ्यांइतकाच रोज मिळतो, तिचं काम मी का करू. हे दुसरं कारण मी नंतर शोधलं. पहिलं खरं. मला कंटाळा आला, आई.

दोन आठवड्यांनी व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. टेम्पो शेडसमोर उभा राहिला आणि मालकानं बॉक्स टेबलावर उलटे केले. काड्या, काळे मणी, एका बॉक्समध्ये चक्क खडा. सगळ्या बाया उभ्या. मालक तुझ्यावर तुटून पडला. "मुकादमबाई, ह्ये तुमचं काम? पुढच्या हंगामाला मी दुसरी टोळी बघतो." तू खाली मान घालून काड्या बघत होतीस. मग त्यानं लेबलावरची तारीख वाचली आणि विचारलं, "ह्या दिवशी टेबलावर कोन हुतं?" आई, ती तारीख माझ्या तीन दिवसांतली होती. तू तोंड उघडणार होतीस. तुझ्याआधी मी बोलले. म्हटलं, मालक, असं विचारून काही कळणार नाही. प्रत्येकीला नंबर द्या. जिनं निवडलं तिनंच बॉक्स भरायचा, आपल्या नंबरची चिठ्ठी आत टाकायची आणि तिनंच बंद करायचा. मध्ये दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको. मग माल कुणाचा ते जागच्या जागी कळेल. मालक माझ्याकडे बघतच राहिला. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "शिकल्यालं डोस्कं कसं चालतंय बघा." त्याला तारखेचा विसर पडला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी लेबलं गोळा करायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. नंबर मीच लिहिले, माझ्या चांगल्या अक्षरात. मावशीला सात. तुझा हात आता तिच्या ट्रेपर्यंत जाऊ शकत नव्हता, कारण मध्ये दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही हा नियम तुझ्याच पोरीनं केला होता. चौथ्या दिवशी मालक आला, थप्पीतून कुठलेही पाच बॉक्स काढले, टेबलावर ओतले. चार ठीक होते. पाचव्यात काड्याच काड्या. त्यानं आतली चिठ्ठी काढून मला दिली. "वाच गं." मला वाचायची गरज नव्हती, मला माहीत होतं. मी वाचलं. "सात." मावशी शेजारणीकडे वळून विचारतेय, तिचा आवाज अगदी साधा, जसं बाजारात भाव विचारावा, "सात कुनाचा गं?" शेजारीण डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधायला लागली. मग तिनं तुला विचारलं. "बाई, सात कुनाचा?" आणि तू म्हणालीस, "तुमचा हाय, मावशी."

मावशी तेव्हाच उठून गावी निघून गेली. त्या संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. मी पाट्यावर चटणी वाटायला बसले होते, उगाच, तू सांगितलं नव्हतंस. तू परातीकडे बघतच म्हणालीस, "तुला कुनी इचारलं हुतं गं? लय शानी झालीस व्हय?" मी म्हटलं, मी तुझंच काम वाचवलं, तो दुसरी टोळी आणणार होता. तू म्हणालीस, "आनू दे की. टोळी माझी गेली असती, मी दुसरी शेड बगितली असती. तिनं काय बगायचं?" मग तव्यावर भाकरी टाकलीस, माझ्याकडे तोंड केलंस आणि विचारलंस, "लग्नाला जाताना तुला सांगून गेले हुते का न्हाई मी? मावशीच्या ट्रेवर हात फिरीव म्हनून?"

मी म्हटलं, नाही.

तू विचार करत राहिलीस. भाकरी एका बाजूनं करपली, वास सुटला, तरी तू विचार करत होतीस. मग म्हणालीस, "धांदलीत ऱ्हायलं आसंल. माझंच चुकलं मग." आणि पुढची भाकरी थापायला घेतलीस. आई, तू सांगितलं होतंस. दारात उभी राहून, एका पायात चप्पल, आवाज खाली करून. तो आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. तुला तुझ्या आठवणीवर शंका यायला लागली ती त्या दिवसापासून, हे मी पाहिलंय. नंतर किती वेळा तू घरातून निघाल्यावर परत यायचीस आणि विचारायचीस, मी तुला अमुक सांगितलं का गं, का मनातच ऱ्हायलं? मी प्रत्येक वेळी म्हणायची, सांगितलंस, सांगितलंस. तेवढी भरपाई केल्यासारखं वाटायचं मला. कसली भरपाई, डोंबलाची.

त्याच महिन्यात तू मला घेऊन मावशीच्या गावाला गेलीस. एसटीनं, मग चालत. पाऊस न पडणारा मुलूख, बाभळी आणि दगडी बांध, आणि मावशी अंगणात कोकराला धरून बसलेली. तिला आपण आलो ते आवाजावरून कळलं. तिच्या सुनेनं मला चहा आणायला आत बोलावलं. मी कपबश्या घेऊन बाहेर येतेय आणि तू तिला म्हणतेयस, "मावशी, चूक माझी हाय. पोरीला सांगायचं ऱ्हायलं माझ्याकडनं. तुमी मनात काय धरू नका." आणि ती म्हणतेय, "आवं बाई, तुमी पाच वरीस झाकलंत, त्ये काय मला कळत नव्हतं व्हय?" मी कपबश्या घेऊन तिथंच उभी. बोलायला तेवढी एक जागा होती. एवढंच म्हणायचं होतं की आईनं सांगितलं होतं. चहा सांडेल म्हणून मी हाताकडे लक्ष दिलं. पुढं दोन वर्षांनी तू मावशीला मिरजेला नेऊन डोळ्याचं ऑपरेशन करवून आणलंस. ते चांगलं झालं, तिला दिसायला लागलं. तू तिला कामाला बोलवायला गेलीस, एकदा, दोनदा, दर हंगामाला. ती नाहीच आली. "आता नगं बाई. समद्यांनी बगितलंय," एवढंच म्हणायची. मालक तर तिला विसरूनही गेला होता.

आता पुढचं ऐक, हे तुला अर्धंच माहीत आहे. साताऱ्यातल्या या कंपनीत मी पहिल्यांदा मुलाखतीला गेले तेव्हा साहेबानं विचारलं होतं, तुम्ही स्वतःच्या डोक्यानं कधी काही नवीन केलंय का? मी चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. माल परत आला, मी नंबर काढले, पुन्हा कधी तक्रार आली नाही. साहेब खूष. नोकरी लागली आणि मी पेढे घेऊन तुझ्याकडे आले. मोठ्या उत्साहात म्हटलं, आई, तुझ्या शेडवरचीच गोष्ट सांगितली मी. तू विचारलंस, "कंची?" मी म्हटलं, चिठ्ठ्यांची. तू हातातला पेढा परत पुड्यात ठेवलास आणि म्हणालीस, "मावशीचं सांगितलंस का त्यास्नी?" मी म्हटलं, तेवढं त्यांनी विचारलं नाही. "व्हय," तू म्हणालीस, "त्ये कशाला इचारतील." नंतर बढतीच्या वेळी पुन्हा तीच गोष्ट सांगितली, तेव्हा तू नव्हतीस. माझी सगळी नोकरीच ती चिठ्ठी आहे, आई. कुठल्या पोत्यातला माल, कुठल्या पाळीत भरला, कुणी तपासला, सगळ्याला नंबर. काम चांगलं आहे, लोकांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूला नंबर हवाच, त्याबद्दल मला लाज नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती कुठल्या चौकोनात लिहायची ते मला कळेना.

म्हणून आज सकाळी घोळ झाला. पोरगी समोर खुर्ची घेऊन बसली, मोबाईलवर वेळ लावली आणि गंभीर तोंडानं म्हणाली, "तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगा." मी एक तयार केलेली सांगायला लागले, लेबलावर चुकीची तारीख छापली गेली होती आणि माझ्या नजरेतून सुटली, ती. तिनं मध्येच थांबवलं. "मम्मी, ही पाठ केल्यासारखी वाटते. खरी सांग ना एखादी." आणि माझ्या तोंडून, का कुणास ठाऊक, पहिल्यांदा, सगळं बाहेर पडलं. मावशी, तीन दिवस, वही, तारीख विचारल्यावर मी कशी चपळाईनं बोलले, सात, करपलेली भाकरी, माझं ते "नाही". तुझ्या जावयांनासुद्धा मी हे कधी सांगितलेलं नाही. पोरीचे डोळे भरून आले, ते तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. तिनं माझा हात धरला.

मग ती म्हणाली, "मम्मी, हीच सांग उद्या." मी म्हटलं, म्हणजे? तिनं नाक पुसलं आणि ती उत्साहात आली. "अगं यात सगळं आहे. चूक आहे, कबुली आहे, त्यातून तू काय शिकलीस ते आहे. शिवाय बेदाण्याचीच कंपनी! असली गोष्ट आमच्या बॅचमध्ये कुणाकडं नाही. फक्त ती मावशी परत आली नाही ते काढून टाक, फार उदास होतं शेवटी. त्याऐवजी आता तू तुझ्या हाताखालच्या बायकांशी कशी वागतेस ते जोड." ती वाईट पोर नाही, आई. तिच्या आईला नोकरी मिळावी एवढंच तिला हवंय. आणि तिचं बरोबर आहे, तेच तर मला सकाळपासून बसू देत नाहीये. पहिल्यांदा मी मावशीला गाळून यशाची गोष्ट केली आणि नोकरी मिळवली. आता तिलाच चुकीच्या गोष्टीत घालून दुसरी मिळवायची. तिघेजण माना हलवतील, कुणीतरी म्हणेल, प्रांजळपणा आवडला आम्हाला. आणि आटपाडीकडच्या त्या बाईचे डोळे तिसऱ्यांदा माझ्या कामी येतील. इतकी वर्षं मला वाटत होतं की खरं बोलायची हिंमत झाली की सुटले. खरं बोलायचीही किंमत मिळते हे कुणी सांगितलं नव्हतं.

तर मी ठरवलंय की उद्या लेबलाच्या तारखेचीच चूक सांगायची. पाठ केल्यासारखी वाटली तर वाटू दे. मावशीचं मी कुणाला विकणार नाही, ते तुझं माझं आहे. हे लिहून झाल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये. पोरगी आतून हाक मारतेय, मम्मी, पुन्हा एकदा करू या का म्हणून, आणि हे कागद तिच्या हाती लागायच्या आत कुठं तरी ठेवायला हवेत. तुला तर पाठवायची सोय नाही, आणि असती तरी मी पेटीपर्यंत जाऊन परत आले असते, ते तुला माहीत आहे. कारण आई, तुला एक सांगायचं राहिलं. उद्या मी लेबलाचं सांगेन, आणि समजा त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, एखाद्यानं कागद मिटला, एखादा म्हणाला, याहून मोठी काही आठवते का मॅडम, तर मी सांगेन. मी ओळखते मला. मावशी, सात नंबर, भाकरी, सगळं सांगेन. सांगताना मला रडू येईल आणि ते खोटं नसेल. आणि नोकरी दिली तर मी घेईन.